मावळातील युद्धाच्या खुणा

श्रावणातील एका सकाळी पुण्याहून लोणावळ्याची लोकल पकडली. डब्यातील बहुतेक मंडळी भुशी धरण, कार्ल्याची लेणी आणि परतताना चिक्की एवढाच बेत करून निघाली होती. माझ्या मनात मात्र आजीने सांगितलेली एक गोष्ट होती. मावळात दुसऱ्या महायुद्धाची लढाई कधी झाली नाही. तरीही युद्ध आमच्या उंबरठ्याच्या आत आले होते, असे ती म्हणत असे.

आकुर्डी मागे पडली की देहूरोडला लष्करी कुंपणे दिसू लागतात. येथील छावणी आणि दारूगोळ्याचे कोठार त्या युद्धकाळातील. अशा कामांवर रोख मजुरी मिळे. पण खेळत्या पैशाच्या मानाने बाजारात माल नसे. शिवाय पैशाचे रूपही पालटले होते. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आणली गेली आणि तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला. जुने रुपये लोकांनी गाडग्यांत पुरून ठेवले.

पुढे तळेगाव दाभाडे लागते. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली येथे काचेचा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात जर्मनी व ऑस्ट्रियाचा काचमाल येणे बंद झाले, तेव्हा देशी काचेला मागणी आली. परदेशी मालाची वाट बंद झाली की स्वदेशी हुन्नराला वाव मिळतो, हा युद्धाचा एक परिणाम. दुसरा परिणाम पाहण्यासाठी मी कामशेतला उतरलो.

कामशेत म्हणजे भाताचे गाव. पावसात दोहों बाजूंची खाचरे तुडुंब भरलेली होती आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. या परिसरात आमच्या आजोबांचे धान्याचे दुकान होते. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबई इलाख्याला त्या तांदळाचा मोठा आधार होता. भाव चढू लागले, मग सरकारी नियंत्रणे आली, आणि मे १९४३ मध्ये मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. ‘कंट्रोल’, ‘रेशन’, ‘काळाबाजार’ हे शब्द त्या दिवसांत घरोघरी रुळले, ते अजून आपल्या तोंडी आहेत.

आजीची गोष्ट याच काळातील. भाव आणखी चढेल या हिशेबाने आजोबांनी तीस पोती तांदूळ आतल्या खोलीत ठेवला आणि दारात आलेल्या माणसांना ‘माल नाही’ म्हणून सांगितले. पुढे तो चढ्या भावाने विकला आणि त्या नफ्यातून घराचा पुढचा सोपा बांधला. आजीने नवऱ्याला तोंडावर काही म्हटले नाही. परंतु त्या सोप्यात बसून ती कधी जेवली नाही. अपरिग्रहाचे व्रत आपल्याकडे नित्य सांगितले जाते. आजीने ते अशा रीतीने पाळले. आजोबांनीही त्या गोष्टीचा उच्चार केला नाही. मात्र टंचाईच्या दिवसांत दुकानातील सगळा माल बाहेर मांडायचा, हा दंडक त्यांनीच घालून दिला आणि वडिलांनी तो अखेरपर्यंत पाळला.

दुपारी लोणावळ्याला पोहोचलो. येथील तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली टाटांनी वीज निर्माण केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवली. दुसऱ्या महायुद्धात त्याच गिरण्या सैन्यासाठी कापड विणत होत्या आणि खेड्यांत धोतर-लुगडे मिळेनासे झाले होते. विमानहल्ल्याच्या भीतीने मुंबई रात्री दिवे झाकत होती. भुशीच्या रस्त्याने पुढे गेले की नौदलाची ‘शिवाजी’ ही प्रशिक्षण संस्था येते. ती १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. त्यानंतर सहा-सात महिन्यांत युद्ध संपले. संस्था मात्र राहिली आणि आज स्वतंत्र भारताचे नौसैनिक तेथे यंत्रविद्या शिकतात.

परतीच्या गाडीत देहूरोड आले तेव्हा अंधार पडला होता. येथून जवळच तुकोबांचे देहू. तेही वाण्याच्या घरचे. मोठ्या दुष्काळात त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. टंचाई तीच, दुकानही त्याच नदीच्या खोऱ्यातले; एकाने येणे सोडून दिले, दुसऱ्याने पोती झाकून ठेवली. आजोबांना दोष देणे मला सोपे वाटत नाही. सगळा बाजार तेच करीत असताना एकट्याने दार उघडे ठेवणे किती कठीण असते, हे टंचाईच्या दिवसांत गल्ल्यावर बसलेल्यालाच कळते.

तो सोपा अजून उभा आहे. दिवाळीचे वहीपूजन आम्ही तेथेच करतो, आणि नव्या वहीवर पहिले अक्षर लिहिण्यापूर्वी मुलांना ही गोष्ट सांगतो.