खोली काढायची कशी

विहिरीच्या पातळीचा आलेख काढताना शून्य वर ठेवायचं, हे या कामातल्या कोणाला सांगावं लागत नाही. पाणी आठ मीटरवरून बारा मीटरवर गेलं तर रेघ खालीच उतरली पाहिजे. माझं अडतं ते त्यापुढे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात एकाच वावरात जुनी विहीर ५० फुटांची आणि शेजारचा बोर ९०० फुटांचा असतो. दोन्ही एकाच प्रमाणात एका कागदावर घेतले तर विहीर नखाएवढी होते. विहीर वाचण्याजोगी केली तर बोर टेबलाखाली लोंबतो.

पुस्तकी उपाय आहे: अक्ष तोडायचा, मधे नागमोडी खूण करायची, चार-पाचशे फूट गाळायचे. तो मला कधीच पटला नाही. जे गाळायचं तेच तर गावाला दाखवायचं आहे. लॉगरिदमचं प्रमाण त्याहून वाईट. त्यात पहिले १० फूट आणि शेवटचे ८०० फूट जवळजवळ बरोबरीचे दिसतात, म्हणजे बोरवाल्याला आयतीच सूट.

मग मी परस धरले. जुनी माणसं विहिरीची खोली परसातच सांगत. ऑटो नॉयराट यांनी व्हिएन्नात १९२०च्या दशकात नियम घालून दिला होता की मोठी संख्या दाखवायला चित्र मोठं करू नये, तेच चित्र पुन्हा पुन्हा मांडावं. त्याप्रमाणे एकाखाली एक माणसं उभी केली. सहा फुटांचा परस धरला तर विहिरीत आठ माणसं छान मावली. बोरला दीडशे लागली आणि ती मुंग्यांसारखी दिसू लागली. लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३चा नकाशा करणारे हॅरी बेक आमच्याच जातीचे, आरेखक. त्यांनी अंतरं खरी ठेवायचा आग्रह सोडला आणि नकाशा वाचण्याजोगा झाला. मला त्यांचा हेवा वाटतो. प्रवाशाला पुढचं स्टेशन कोणतं एवढं कळलं तरी चालतं. इथे अंतर हाच मजकूर आहे; ते सोडलं तर कागदावर उरतं काय?

हल्ली हे प्रश्न कोणी स्वतःला विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाण्याच्या ताळेबंदाचा फ्लेक्स येतो. त्यात आकडे टीसीएममध्ये, म्हणजे हजार घनमीटरमध्ये, आणि वर फुगीर त्रिमितीय स्तंभ, ज्यांचा माथा नेमका कुठे धरायचा ते छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा उन्हातान्हात निरीक्षण विहिरींची पातळी मोजली जाते. त्या मेहनतीचं असं चित्र व्हावं याचा मला संताप येतो. आमच्या वेळी ट्रेसिंगवर रोट्रिंग पेनाने ओढलेली रेघ पुसायला ब्लेड लागायचं, म्हणून ओढण्याआधी माणूस विचार करायचा.

माझा हात आता कापतो. बारीक रेघ साधत नाही, म्हणून अंजनगावकडची एक मुलगी मदतीला घेतली. माझं अक्षर तिला येत नाही, आणि याचं मला मनातून बरं वाटत होतं. गावात कोणी तक्ता पाहून 'अक्षर कोणाचं?' असं विचारलं की माझा दिवस चांगला जायचा. पाणी कुठे गेलं हे विचारलं नाही तरी चालायचं.

मोर्शी तालुक्यातल्या एका गावात माझा तक्ता टांगला होता. माणसं आली, मान डोलावली, चहाकडे वळली. ती मला म्हणाली, "काका, खोली डोयानं नाई दिसत लोकायले. पायानं मोजू द्या त्यायले." तिने फक्कीची पाटी घेतली आणि विहिरीपासून गावरस्त्याने पांढरी रेघ मारत निघाली. ५० फुटांवर, शेजारच्या दारासमोर, आडवी खूण: विहीर इथे संपली. २०० फुटांवर दुसरी. २००९च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या पुढची ती 'खोल विहीर', ती ही हद्द. रेघ तशीच पुढे पिठाच्या गिरणीवरून, मारुतीवरून, शाळेच्या फाटकापर्यंत. माणसं तिच्यामागून चालू लागली. एक म्हातारे विहिरीच्या खुणेवर थांबले, शाळेकडे पाहत राहिले. "बापानं इथवर खंदली होती. पोरगं तिथवर गेलं का बापा!" मग तिथे, रस्त्यावरच, कोणाचा बोर कुठवर याची बोलाचाली सुरू झाली. ज्याचा सगळ्यांत खोल तो आपणहून शाळेपाशी जाऊन उभा राहिला. दहा वर्षांच्या माझ्या तक्त्यांनी एवढं बोलतं केलं नव्हतं कोणाला.

माझा तक्ता बरोबर होता, आजही आहे. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण पाणी नव्हतं. तिचं काम पाहायला लोक चालत गेले, हे मला सलत होतं.

पण आडव्या रेघेला एक उणीव आहे, ती मी सोडणार नाही. ती एका दिवसाची खोली सांगते, काळ सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचा हा गोटे-वाळूचा बझाडा पावसाळ्यात पाणी मुरवून घेतो. पातळी किती वर आली आणि उन्हाळ्यात किती उतरली, हे त्याच रस्त्यावर दिसायला हवं. माझ्या मते रस्त्याची डावी कड मे महिन्याला द्यावी, उजवी ऑक्टोबरला. चालणाऱ्याला दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पावसानं परत दिलेलं पाणी. ती म्हणते, चालणारा माणूस दोन्ही कडा एकदम पाहत नाही. मेची रेघ मारून ठेवा आणि ऑक्टोबरात त्याच माणसांना पुन्हा चालवा. फक्की तोवर राहणार नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणते, रस्त्याकडेच्या दगडांवर ऑइलपेंटने खुणा करू. आकडे मी रंगवणार, एवढं मी ठरवून टाकलंय.