लीन

सरकारी कचेरीत जुने इंग्रजी शब्द सहसा निवृत्त होत नाहीत. ‘फर्लो’ हा शब्द इंग्रजांनी डचांकडून उचलला तो शिपायांच्या रजेसाठी; महाराष्ट्रात तो १९५९ च्या नियमांतून कैद्यांच्या रजेला चिकटला आहे. ‘डाएस नॉन’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘नव्हे तो दिवस’. हा दिवस सेवेत धरत नाहीत आणि त्याने सेवेत खंडही पडत नाही; सूर्य उगवला, मावळला, पण कचेरीच्या लेखी काही घडलेच नाही! चंदीगढला प्रतिनियुक्तीवर आल्यापासून असे शब्द वहीत टिपून ठेवण्याचा मला छंद जडला आहे. परवा मात्र त्यांतल्या एका शब्दाने मलाच माझा अर्थ विचारला.

तो शब्द ‘लीन’. कोणी त्याला ‘लियन’ही म्हणतात. त्याचे मूळ ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. फ्रेंचांमार्फत तो इंग्रजी कायद्यात आला. घड्याळजी मजुरी मिळेपर्यंत दुरुस्त केलेले घड्याळ अडकवून ठेवू शकतो. तो त्याचा लीन. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांत हे बंधन उलटे फिरले. तेथे लीन म्हणजे नोकराचा मूळ जागेवरचा हक्क, दूर जाऊनही परत त्या जागी बसण्याचा. मराठीत त्याला ‘धारणाधिकार’ म्हणतात. शब्द चोख आहे, पण त्यात दोरी दिसत नाही. आणि गंमत अशी, की मराठीतला ‘लीन’ म्हणजे विरघळून गेलेला. इंग्रजीतला लीन म्हणजे विरघळू न देणारी गाठ.

माझी मूळ जागा मुंबईत. येथील कचेरीने मला कायमचे सामावून घ्यायचे ठरवले आणि संमतीचा कागद पुढे आला. नियम सरळ आहे : नवा लीन लाभला, की जुना सुटतो, एका माणसाला दोन लीन नसतात. येथे मुलीची शाळा आहे, सुखना तलावाकाठची सकाळ आहे. सही करण्यात अडचण कसलीच नव्हती. तरी कागद तीन दिवस खणात पडून राहिला.

चौथ्या दिवशी रात्री वाईला आईला फोन केला आणि सारे समजावून सांगितले. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे तुझी इकडची जागा आता दुसऱ्या कुणाला देणार का रे?”

“हो.”

“बरं. माडीवरची तुझी खोली झाडून घेतलीय मी. पावसाळ्याआधी येऊन जा.”

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. लीन सोडल्याने एखाद्याजवळ दुसरा कोणताच लीन उरणार नसेल, तर त्याची स्वतःची संमती असली तरी तो सोडवता येत नाही. माणूस अगदीच मोकळा सुटू नये, एवढे त्या रुक्ष मसुदाकारालाही उमगले होते.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. मुंबईचा लीन यथावकाश सुटेल. वहीत मात्र त्या शब्दापुढे घड्याळजीचा अर्थ मी पहिला लिहिला आहे आणि सरकारी अर्थ दुसरा. माडीवरच्या त्या खोलीचे देणे माझ्याकडून अजून फिटलेले नाही.