तपासणाऱ्याची सही

औषधांच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या घरी औषधाच्या बाबतीत चूक होणार नाही, असा लोकांचा समज असतो. माझाही होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे नोकरी केली. त्यांतली शेवटची अकरा सुरक्षा विभागात. आमच्याकडे गोळ्या किंवा कॅप्सूल होत नसत. गोळीच्या पोटात जे मूळ द्रव्य असते, ज्याला व्यवहारात 'बल्क ड्रग' म्हणतात, ते आम्ही तयार करीत असू. ते ड्रममध्ये भरून दुसरीकडे जाई आणि तिथे त्याचे औषध होई.

रिव्हास्टिग्मिन हे त्या द्रव्यांपैकी एक. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना देतात ते. दिसायला पांढरी, साधी पूड. पण ड्रमवर कवटीचे चिन्ह आणि सुरक्षा पत्रकात 'गिळल्यास प्राणघातक' असा शेरा. नव्याने आलेल्या कामगारांना हे पटत नसे. "साहेब, औषधच आहे ना? मग माणूस मरेल कसा?" असे एकाने मला सरळ विचारले होते. त्याला मी आकडे सांगितले. रुग्णाला दिवसाला सुरुवातीस तीन मिलिग्रॅम आणि हळूहळू वाढवत फार तर बारा मिलिग्रॅम देतात. आपल्या बोटांच्या चिमटीत सहज दोन-तीनशे मिलिग्रॅम मावतात. ड्रममध्ये तर किलोंनी माल असतो. ड्रमपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते औषध नव्हेच.

हे द्रव्य काम कसे करते ते सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पोचवण्यासाठी जी रसायने वापरतात, त्यांत अॅसिटिलकोलिन हे एक. निरोप पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्याचे विघटन करते. अल्झायमरच्या आजारात हे रसायन कमी पडू लागते. विकराला काही काळ रोखून धरले तर उरलेले रसायन थोडे अधिक टिकते आणि रुग्णाचा दिवस जरा बरा जातो. आजार त्याने थांबत नाही. पण हेच रसायन हृदय, फुप्फुसे, आतडी आणि स्नायू यांनाही चालवते. विकर प्रमाणाबाहेर रोखले गेले की लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते आणि अखेर श्वास अडतो.

कीटकनाशकांच्या विषबाधेची हीच लक्षणे आहेत, हे ग्रामीण भागातल्या कोणत्याही डॉक्टरला ठाऊक असते. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या गटांतली कीटकनाशके याच विकरावर घाला घालतात, आणि रिव्हास्टिग्मिन हे रासायनिकदृष्ट्या कार्बामेटच आहे. त्याचा पूर्वज आहे आजच्या नायजेरियातील कॅलाबार प्रांतातला एक शेंगदाणावर्गीय वेल. त्याच्या बिया तिथे दिव्यासाठी वापरीत. आरोपीला बीचा अर्क पाजायचा. ओकून टाकला तर निर्दोष, मेला तर अपराधी. एडिंबरोच्या रॉबर्ट ख्रिस्टिसन या विषवैद्याने 1855 साली ती बी स्वतः खाऊन पाहिली आणि जीव घाबरा होताच दाढीचे पाणी पिऊन ओकारी काढली. पुढे 1864 मध्ये त्या बीतून फायसोस्टिग्मिन वेगळे करण्यात आले. त्याच्याच रचनेचा धागा धरून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक-रोझिन यांनी रिव्हास्टिग्मिन घडवले.

अशा द्रव्याशी वागण्याची आमची रीत ठरलेली होती. पूड उघड्यावर कधी काढायची नाही. बंद पेटीला बसवलेल्या हातमोज्यांतून हाताळायची. सांडलेले कोरड्या झाडूने झाडायचे नाही, ओल्या फडक्याने टिपायचे. कामाचे कपडे आतच उतरवायचे, आंघोळ करूनच बाहेर पडायचे. या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट मात्र कागदाची होती. बॅचच्या नोंदवहीत प्रत्येक पायरीपुढे दोन सह्यांची जागा असे : एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. वजन ज्याने केले त्यानेच ते तपासले, असे चालत नसे. जुने कामगार यावर चिडत. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे म्हणत. मी त्यांना सांगे, की प्रश्न विश्वासाचा नाही. माणूस विसरतो, हे गृहीत धरून ही वही छापलेली आहे.

2015 साली मी निवृत्त झालो. पुढच्याच वर्षी आईच्या आजाराचे निदान झाले. कॅप्सूलने तिला मळमळे, म्हणून डॉक्टरांनी त्याच औषधाची पट्टी लिहून दिली. चिकटपट्टीसारखी पातळ, त्वचेतून चोवीस तासांत साडेनऊ मिलिग्रॅम औषध सोडणारी. पाठीवर लावायची, कारण तिथे रुग्णाचा हात सहसा पोचत नाही. रोज जुनी काढायची, नवी दुसऱ्या जागी लावायची. पट्टीत एकूण औषध असते अठरा मिलिग्रॅम. म्हणजे दिवस सरला तरी जवळजवळ निम्मे तिच्यात उरतेच. म्हणून काढलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडायची, मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकायची आणि हात धुवायचे. हे सारे मी घरात सर्वांना समजावून सांगितले होते. वही मात्र ठेवली नव्हती. आपल्याच आईसाठी वही कसली, असे वाटले असावे.

आमची वाटणी अशी होती : सकाळी आंघोळ घालताना पत्नी जुनी पट्टी काढी आणि नंतर मी नवी लावी. 2018 च्या जानेवारीत आईला सर्दीताप झाला. दोन दिवस आंघोळ नव्हती. पत्नीला वाटले, लावतानाच मी जुनी काढत असेन. मला वाटले, तिने अंग पुसताना काढली असेल. थंडीमुळे आईचा स्वेटर न उतरवता मी नुसती मान मोकळी करून एकदा उजव्या खांद्याखाली आणि दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याखाली पट्टी लावली. आदल्या दिवसाची कमरेजवळ होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई ओकू लागली. थंडीत तिचे कपाळ घामाने डबडबले होते, ओठांच्या कडेने लाळ गळत होती. मी नाडी पाहिली, मिनिटाला चव्वेचाळीस. तिच्या बाहुल्या पाहिल्या आणि मला कारखान्यातला तक्ता आठवला. लक्षणांचा तो तक्ता मीच भिंतीवर लावला होता.

रुग्णालयात परिचारिकेने कपडे बदलताना तीन पट्ट्या काढल्या आणि काही न बोलता माझ्यापुढे ट्रेमध्ये ठेवल्या. आईला अॅट्रोपीन दिले गेले. कीटकनाशकाच्या विषबाधेतही हेच देतात. तीनच महिन्यांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकरी-शेतमजुरांच्या बातम्या मी वाचल्या होत्या. वीसहून अधिक जण दगावले होते. पाठीवर पंप, अंगावर साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल. ती वर्णने वाचताना मी मनोमन नियमांची उजळणी करीत होतो आणि यांना कुणी काही शिकवले नाही म्हणून हळहळत होतो. मला तर सगळे शिकवलेले होते. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून मला त्या हळहळीची लाज वाटली.

आई वाचली. तिसऱ्या दिवशी तिने चहा मागितला. घरी आल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक तारखेखाली दोन रकाने आखले : 'काढली' आणि 'लावली'. दोन्ही कामे एकाच वेळी करायची, संपूर्ण पाठ पाहायची, पट्टीवर पेनने तारीख घालायची. एकाने करायचे, दुसऱ्याने पाहून सही करायची. पहिल्या दिवशी सही करताना पत्नी म्हणाली, "इतकी वर्षं कारखान्यात हे करत होतात, मग घरी का नाही केलंत?" मला उत्तर देता आले नाही. कारखान्यात आम्ही एकमेकांना परके मानत होतो म्हणून सावध होतो. घरात मायेच्या भरवशावर राहिलो.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सह्यांचा कागद दिसला की ती अस्वस्थ होई. एकदा कालनिर्णयापाशी उभी राहून तिने विचारले, "मुलांची हजेरी घेतलीस, मग बाईंची सही कुठाय?" मी पेन दिले. तिने सावकाश, वळणदार अक्षरांत आपले माहेरचे नाव लिहिले. त्यानंतर रोज तीन सह्या होऊ लागल्या. काही दिवस ती नुसती रेघ ओढी, काही दिवस बरोबरची खूण करी.

2021 मध्ये आई गेली. त्या वर्षांची कालनिर्णये मी टाकलेली नाहीत. कारखान्यातल्या नोंदवह्या ठरावीक वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम होता. या कागदांना तो लागू नाही.