थांबलेले चित्र

चित्रपट एका बैठकीत पाहून संपविणे ही चैन संसारी माणसाला क्वचितच लाभते. त्यातून तो चित्रपट कालप्रवासाचा असला, एक वाक्य निसटताच नायक आजच्या दिवसात आहे की तीस वर्षे मागे याचा पत्ता लागेनासा होणारा असला, म्हणजे तर घरातल्या हाकांना विशेषच उत्साह चढतो. गेल्या डिसेंबरात हा अनुभव मी दिब्रुगढच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये पुरेपूर घेतला.

निमित्त झाले कन्येच्या एका विधानाचे. कालप्रवासाचे सगळे चित्रपट सारखेच, असा तिने निकाल देऊन टाकला. निकाल आणि तोही कागदपत्रे न पाहता, ही गोष्ट सरकारी नोकरीत केस पिकविलेल्या माणसाला कशी रुचावी? मी एक कोरी वही काढली, तिच्यात तीन रकाने आखले – यंत्र, नियम आणि परिणाम – आणि रोज संध्याकाळी आम्ही दोघे दूरचित्रवाणी संचासमोर बसू लागलो.

संध्याकाळ म्हटले खरे, पण दिब्रुगढची संध्याकाळ ही मूळचीच कालप्रवासातली आहे. डिसेंबरात येथे साडेचार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच, ८२॥ अंश रेखांशावरचे. इकडच्या चहाच्या मळ्यांनी ब्रिटिश अमदानीतच यावर तोड काढली आणि आपली घड्याळे तासभर पुढे ठेवली. ती 'बागान वेळ' अनेक मळ्यांत अजून चालते. तिकडे मुंबईनेही आपली स्वतंत्र वेळ, देशाच्या मागे ३९ मिनिटे, १९५५ पर्यंत हट्टाने जपली होती. तेव्हा वेळ ही माणसांनी आपसांत केलेली तडजोड आहे, ही गोष्ट आम्हां बदलीवाल्यांना आइन्स्टाइनखेरीजही समजते.

पहिला चित्रपट १९६० सालचा 'द टाइम मशीन', वेल्सच्या १८९५ मधल्या कादंबरीवरचा. यंत्रात बसलेल्या नायकाला समोरच्या दुकानातली कपडे दाखविणारी पुतळी दिसत असते. वर्षे भराभर उलटतात, पुतळीच्या अंगावरचे कपडे बदलतात, पुतळी मात्र तशीच. मी हे कन्येला समजावून देत आहे, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, ऐकलंत का? गॅसवाला आलाय, सुटे पैसे आहेत का बघा." चित्र थांबविले. परत आलो, तो नायक आपल्याच घरच्या मेजवानीला उशिरा, फाटक्या कपड्यांनी येऊन पोहोचत होता. पत्नी दारात उभी राहून तेवढाच भाग पाहून म्हणाली, "कुठंही जाऊन या, जेवायला उशीर तो व्हायचाच." तीन रकान्यांत न मावणारे हे रसग्रहण मी समासात लिहून ठेवले.

दुसरा, १९८५ चा 'बॅक टु द फ्यूचर'. यात मुलगा मोटारीतून १९५५ मध्ये जातो आणि आपल्या आईबापांना त्यांच्या शाळकरी वयात भेटतो. त्याच्या हातून त्यांची गाठ पडणेच हुकते आणि खिशातल्या छायाचित्रातून भावंडे एकेक करून पुसट होत जातात. येथला नियम असा, की भूतकाळ बदलता येतो. पण त्याची किंमत वर्तमानाला मोजावी लागते. गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मुलाला बाप नव्याने कळतो, तो त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे. बाप आपल्याइतकाच भित्रा आणि गोंधळलेला होता, हे दिसते म्हणून. हे टिपून घेत होतो, इतक्यात चौकीदार दुसऱ्या दिवशीच्या दौऱ्याचे कागद घेऊन आला. चित्र पुन्हा थांबले.

तिसरा 'ग्राउंडहॉग डे', १९९३ चा. नायकापुढे एकच दिवस पुन:पुन्हा उगवतो. त्याच्यावर मी काही लिहिले नाही. मासिक अहवाल पाठविणाऱ्या कोणत्याही माणसाला त्याचे विवरण नको आहे.

चौथा मात्र विलक्षण होता. 'ला जेते', १९६२ चा, ख्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा, अवघा अर्ध्या तासाचा. तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनविलेला आहे. एकाच ठिकाणी, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेवढा क्षणभर, चित्र हलते. लहानपणी विमानतळाच्या धक्क्यावर पाहिलेल्या एका चेहऱ्याच्या ओढीने नायक भूतकाळात जातो आणि अखेर त्याला उमगते, की त्या दिवशी तेथे आपण ज्या माणसाला मरताना पाहिले तो माणूस म्हणजे आपणच. येथला नियम कठोर आहे. घडले ते घडले. मागे जाणाऱ्याचे जाणेदेखील त्या घडण्यातच आधीपासून धरलेले आहे.

"मग जायचं कशाला?" कन्येने विचारले.

"पुन्हा पाहण्यासाठी."

ती थोडी थांबली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हांला यंत्र मिळालं तर कुठली तारीख टाकाल?"

मी पानिपताचे नाव घेतले. कै. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत त्या लढाईचा निकाल फिरवून दाखविला आहे, ते तिला सांगितले. उत्तर सोयीचे होते, पण खरे नव्हते. माझी तारीख मला पाठ आहे. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी अण्णांचा फोन आला होता. "यंदा येतोस का?" एवढेच त्यांनी विचारले. आग्रह करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. कार्यालयात तपासणी होती. मी म्हणालो, "दिवाळीला नक्की येतो." मी सांगितल्याप्रमाणे गेलो, अण्णा मात्र दिवाळीपर्यंत थांबले नाहीत. त्या तपासणीत काय निघाले, हे आज मला आठवतही नाही.

पाचवा चित्रपट 'इंटरस्टेलर', २०१४ चा. त्यात कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे. ही केवळ कल्पनाशक्तीची भरारी नव्हे. गुरुत्वाकर्षण जितके प्रबळ तितका काळ मंद चालतो, हे सिद्ध झालेले आहे. दिशा दाखविणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. आपल्या पुराणांनाही ही कल्पना अपरिचित नव्हती. राजा ककुद्मी रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला, तेथले गायन संपेपर्यंत थांबला, तोवर खाली सत्तावीस चतुर्युगे लोटली होती. रेवतीचे लग्न अखेर बलरामाशी झाले, पण ती जुन्या युगातली, उंच. तिला नांगराने खाली ओढून त्याने आपल्या काळाच्या मापाची करून घेतले.

चित्रपटातला बाप त्या ग्रहावरून परततो आणि तेवीस वर्षे साठलेले मुलांचे निरोप एकामागून एक पाहतो. मुले त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होत जातात. त्या प्रसंगाला मी स्वतःच रिमोट उचलला आणि चित्र थांबविले. या खेपेला कोणी हाक मारली नव्हती.

वर्षातून पंधरा दिवस मी साताऱ्याला जातो. प्रत्येक खेपेला आई वर्षाने नव्हे, पाच वर्षांनी थकलेली दिसते. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. तिला आणखी दहा वर्षे आयुष्य लाभले, तरी माझ्या वाट्याला ती दहा वर्षे येणार नाहीत. दीडशे दिवस येतील. पाच महिने. हा आकडा मी दोनदा पडताळून पाहिला. तो चुकलेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. साडेपाच होत आले होते. बाहेर काळोख दाटला होता आणि ब्रह्मपुत्रेवरून गारठा येत होता.

"दिवे लागले का रे तुमच्याकडं?" आई रोज हेच विचारते.

"केव्हाच. तुझ्याकडं?"

"इथं अजून अंगणात ऊन आहे की." त्या उन्हाचे तिला कौतुक वाटते, जणू मुलाला न मिळालेली वस्तू तिच्यापाशी शिल्लक आहे. एरवी मी एक डोळा चित्राकडे ठेवून दोन मिनिटांत फोन आटोपतो. त्या दिवशी म्हणालो, "ऊन जाईपर्यंत बोलू या." मग तिने शेजारच्या चिंचेचे, गुडघ्याचे, अण्णांच्या न सापडणाऱ्या चष्म्याच्या घराचे सांगितले. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "गेलं बघ ऊन. दिवा लावते आता."

फोन ठेवला, तो कन्येने वहीत सहावी नोंद करून ठेवलेली होती. नाव: बाबा. यंत्र: आगगाडी, जवळजवळ तीन दिवस. नियम: वर्षातून एकदा. 'परिणाम' हा रकाना तिने कोरा सोडला होता.

मी 'एकदा' हा शब्द खोडून 'तीनदा' लिहिले आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन शिल्लक रजेचा हिशेब मागविला. माझी अर्जित रजा इतकी साठली होती, की लिपिकानेच आश्चर्याने वर पाहिले. फेब्रुवारीतल्या पहिल्या अर्जावर सही झाली. उरलेल्या दोहोंचे काय होते, ते पाहावयाचे आहे.

'इंटरस्टेलर' मात्र अजून अर्धाच राहिला आहे.