रिकाम्या मुशीचं वजन

आमच्या मढच्या बाजूला, माळशेज घाटाच्या अलीकडं, पोटाचं पीक म्हणजे भात. पण भात घरातच खाऊन संपतो. रोख पैसा दाखवतो तो हिरडा. उन्हाळ्यात शेतं रिकामी पडली की जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली माणसं डोंगराला लागतात. कोवळी फळं काढून आणायची, उन्हात घालायची. वाळून काळी, खडखडीत झाली की तो बाळहिरडा. पावसाआधीचं मीठमिरची, भाताचं खत, पोरांच्या वह्या, सगळं त्याच्यावर. आदिवासी विकास महामंडळानं हिरडा घेतलेला आहे, तसे खाजगी व्यापारीही घेतात.

आमच्या वस्तीवर एक व्यापारी टेम्पो घेऊन यायचा. पोतं काट्यावर चढायचं, बारदानाचं वजन वजा व्हायचं. मग तो मूठभर हिरडा हातात घ्यायचा, फुंकर मारायचा आणि म्हणायचा, "माती लई हाय. क्विंटलला चार किलो कापतो."

सगळ्यांना चार. आमच्या वहिनी हिरडा कातळावर वाळवायच्या. आधी कातळ झाडायचा, मग फळं पसरायची, सांजेला परत गोळा करून घरात आणायची. वारं सुटलं की पोरं धावत कातळाकडं. दुसऱ्या काही घरांत अंगणातल्या उघड्या मातीवरच पसरायचे; म्हातारी माणसं, कातळापर्यंत ओझं नेणार कोण? त्यांना चार किलो काट आणि वहिनींनाही चार किलो. वहिनी एकदा बोलल्या, "भावजी, मंग मी कातळ कशापायी झाडते?" मला उत्तर देता आलं नव्हतं. माती किती, हे ना आम्हांला ठाऊक, ना त्याला.

ती किती हे मोजता येतं, हे मला पुतणीमुळं कळलं. ती रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली आणि पुण्याकडं एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागली. तिथं हिरडा, बेहडा, आवळा पोत्यांनी येतो. ती म्हणाली, "तात्या, तुमच्या त्या चार किलोचा हिशेब आमच्याकडं मुशीत होतो. दोन नमुने घेऊन या, साहेबांना विचारून करून दाखवते."

मी दोन पिशव्या नेल्या, एक कातळावरची, एक अंगणातली. ती आधी विचारती झाली, "वरची मूठ भरली नाही ना?" पोत्यात माती तळाला बसते. म्हणून पोतं पूर्ण ओतून ढीग करायचा, चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, बाकीचे बाजूला. असं करत करत पिशवीभर राहील तो खरा नमुना. वरच्या मुठीवरून पोत्याचं मोल होत नाही. मी तसंच केलं होतं, तिनंच फोनवर सांगितलं होतं.

मूस म्हटलं की मला सोनार आठवतो. पण ही मूस वेगळी. पांढऱ्या चिनी मातीची, छोट्या पेल्याएवढी, आणि तळाला बारीक भोकं. फ्रँक ऑस्टिन गूच नावाच्या अमेरिकी रसायनतज्ज्ञानं १८७८ साली ती लोकांपुढं मांडली, म्हणून गूच क्रुसिबल. त्याआधी गाळ कागदावर धरायचे. पण कागद हवेतला ओलावा पितो, त्याचं वजन एका जागी राहत नाही, आणि भट्टीत तर तो जळूनच जातो. गूचनं गाळणी आणि मूस एकच करून टाकली. ज्यात गाळायचं त्यातच भाजायचं आणि त्यातच तोलायचं. गाळ एका भांड्यातून दुसऱ्यात काढताना सांडायची भीती नाही. भोकांवर तो ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा थर बसवायचा. आमच्या घरांवरच्या जुन्या सिमेंटी पत्र्यात असतो तोच. त्याची धूळ छातीला वाईट, म्हणून आता काचेच्या तंतूंची चकती घालतात. अख्खी काचेचीच गाळणमूसही मिळते, तिच्या तळाला काचेचा भुगा भाजून जाळी केलेली असते. पण ती ओव्हनच्या उष्णतेपुरती. भट्टीच्या कामाला चिनी मातीचीच.

पुतणीनं पहिल्यांदा काय केलं, तर रिकामी मूस चकतीसकट भट्टीत भाजली. मग ओलावा शोषणारी पूड असलेल्या बंद काचपात्रात थंड केली आणि तोलली. पुन्हा भाजली, पुन्हा तोलली. दोन्ही वजनं जुळेपर्यंत हेच. मी म्हटलं, "अगं, हिरडा तर अजून पिशवीतच हाय." ती हसली. "तात्या, रिकाम्याचं वजन पक्कं नसंल तर भरल्याचं वजन खोटं." मला तराजूचा जमाना आठवला. तेव्हा दुकानदार रिकामं भांडं पारड्यात ठेवून समोर खडे टाकायचा, त्याला आम्ही धडा करणं म्हणायचो. तोच धडा, फक्त केसाच्या वजनापर्यंत.

मग तीन ग्रॅम हिरड्याची पूड दुसऱ्या भांड्यात घेऊन साडेचारशे अंशांच्या आत जाळली. राहिली करड्या रंगाची राख. त्या राखेत झाडाचे स्वतःचे क्षार असतात आणि बाहेरून चिकटलेली वाळूमातीही असते. दोन्ही वेगळं करायला राख पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात पाच मिनिटं उकळली. झाडाचे क्षार बहुतेक विरघळतात, वाळू विरघळत नाही. आता गूचची मूस रबराच्या कड्यात बसवून जाड काचेच्या चंबूवर ठेवली आणि पंपानं खालून हवा ओढली. आधी थोडं पाणी टाकून चकती घट्ट बसवली, मग वरचं निवळ ओतलं, शेवटी गाळ. भांड्याला चिकटलेला कणही पाण्यानं धुऊन मुशीत घेतला. गरम पाण्यानं परत परत धुतलं. आम्ल निघून गेलं का, हे बघायला खाली गळणाऱ्या थेंबात सिल्व्हर नायट्रेट टाकायचं. दुधाळ झालं तर अजून धुवा. मग पुन्हा भट्टी, पुन्हा थंड, पुन्हा वजन, जुळेपर्यंत. हे काम दोन दिवस चाललं.

अंगणातल्या हिरड्याचा गाळ भरला ७२ मिलिग्रॅम, म्हणजे तीन ग्रॅमला २.४ टक्के. कातळावरचा २७ मिलिग्रॅम, ०.९ टक्के. क्विंटलच्या भाषेत एकात दोन किलो चारशे ग्रॅम आणि दुसऱ्यात नऊशे ग्रॅम.

मी लगेच म्हटलं, "बघ, चोर सापडला." तिनं थांबवलं. "तात्या, हा आकडा म्हणजे अख्खी माती नव्हं. मातीतला काही भाग आम्लात विरघळून वाहून जातो, आणि झाडाच्या अंगचीही थोडी वाळू यात असते. खडे-काड्या तर आम्ही आधीच हातानं वेचून निराळ्या तोलतो. मूस एवढंच सांगते, की एकात दुसऱ्याच्या अडीच पटीहून जास्त वाळू हाय."

मला तेवढंच पाहिजे होतं. व्यापारी चार किलो कापतो हे दुखणं होतंच. पण खरं दुखणं, तो सगळ्यांना सारखंच कापतो. न मोजता केलेली काट घाण माल आणणाऱ्यापेक्षा स्वच्छ माल आणणाऱ्याला जास्त बुडवते. झाडलेला कातळ त्याच्या फुंकरीला दिसत नाही. आणि मेहनत दिसतच नसेल तर माणूस हळूहळू ती सोडतो. मग एक दिवस सगळ्यांचाच हिरडा मातकट होतो आणि व्यापाऱ्याची चार किलोची काट खरी ठरते.

मूस काही वस्तीवर आणता येत नाही. पण तिची रीत आणता येते. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वहिनींनी आणि चार बायकांनी मिळून एक बारीक चाळण घेतली. टेम्पो आला की पोतं ओतायचं, वाटे पाडायचे, राहिलेले दहा किलो सगळ्यांसमोर चाळायचे आणि खाली पडलेली माती रिकाम्या डब्याचा धडा करून तोलायची. निघेल तेवढीच काट. व्यापारी पहिल्या दिवशी कुरकुरला, "एवढा येळ कुणाला हाय?" वहिनी म्हणाल्या, "आमाला हाय. कातळ झाडायला व्हता तसा."

त्या वर्षी वहिनींच्या पोत्याला क्विंटलमागं एक किलोच्या आत काट लागली. अंगणात वाळवणाऱ्या एका म्हातारीनं ते पाहिलं आणि दुसऱ्या आठवड्यात नातवाला ताडपत्री आणायला ओतूरला धाडलं.