पाना आपला, गॅस कारागिराचा

आमच्या घरात एकच गाडी आहे आणि तिच्यावर पाच माणसांचे पोट चालते. आम्हा दोघांपैकी एकाच्या हाती तिचे स्टिअरिंग असते, दुसरीच्या हाती हिशेबाची वही. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा गिऱ्हाईक गाडीत बसण्याआधी एकच प्रश्न विचारते, "एसी आहे ना?"

२०२३ च्या मे महिन्यात नेमका तोच बिघडला. एसीचे बटण दाबले की बेल्ट किंचाळायचा आणि बॉनेटखालून जळका वास यायचा. गॅरेजमध्ये दाखविली. कॉम्प्रेसर जाम झाला आहे, नवा टाकून सगळे मिळून बावीस हजार लागतील, असे सांगितले. हप्ता भरून हाती उरते किती? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले.

थोरल्याने नुकतेच आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचे शिक्षण पूर्ण केले होते. तो म्हणाला, "बाबा, चार बोल्ट आणि दोन पाइप आहेत. मी बदलतो." आम्हालाही अभिमान वाटला. भंगार बाजारातून चार हजारांचा जुना कॉम्प्रेसर आणला.

अंगणातच काम सुरू झाले. त्याने बेल्ट काढला, वायर सोडविली आणि पाइपाचा नट ढिला केला. त्याबरोबर फस्सकन गॅस उसळला आणि त्याची बोटे पांढरी पडली. या गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो. दाबाखाली तो द्रवरूप राहतो, आणि बाहेर पडताच उणे २६ अंशांवर उकळतो. त्यामुळे अंगावर पडला की चामडी गोठते. तो डोळ्यांत गेला नाही एवढेच नशीब. आम्ही घाबरून बोटे चोळू लागलो, तर डॉक्टर नंतर म्हणाले की चोळायचे नसते, कोमट पाण्यात धरायचे असते. आठ दिवस फोड राहिले.

तरीही त्याने काम पुरे केले. नाक्यावर दीड हजार देऊन गॅस भरला. एसी गार लागला आणि सगळे घर खूश झाले. विसाव्या दिवशी पुन्हा तोच किंचाळा, तोच वास. रागाच्या भरात आमच्या तोंडून निघून गेले, "हेच शिकायला दोन वर्षे घालविलीस का?" पोरगा त्या रात्री जेवला नाही.

शेवटी फक्त गाड्यांच्या एसीचेच काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्यांनी पाइप उघडून पांढऱ्या फडक्यावर तेल टिपून दाखविले. ते काळे होते आणि त्यात धातूचा चुरा चमकत होता. ते म्हणाले, "पहिला कॉम्प्रेसर मरताना आपला चुरा कंडेन्सरमध्ये सोडून गेला. तुम्ही तो धुतलाच नाही, म्हणून दुसराही मेला." ड्रायरही तोच जुना होता. ड्रायर म्हणजे ओलावा शोषून घेणारी छोटी डबी. पाइप उघडे राहिले की ती हवेतला ओलावा पिऊन निकामी होते. राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि आतले भाग खातो. म्हणूनच गॅस भरण्यापूर्वी पंपाने आतली सगळी हवा ओढावी लागते. दाब इतका कमी झाला की पाणी साध्या हवेतही उकळून वाफ होऊन निघून जाते. नंतर काटा अर्धा तास जागेवर राहिला तर गळती नाही असे समजायचे. नाक्यावरच्या माणसाने यातले काहीच केले नव्हते.

मग ते थोरल्याकडे वळले. "बोल्ट मात्र एकही चुकीचा आवळलेला नाही. याला पाना येतो हो. गॅसचे काम याला कोणी शिकविलेच नाही, त्यात याचा काय दोष?" आमची मान खाली गेली.

त्यांच्याशी ठरले ते असे : आधी उरलेला गॅस त्यांनी मशीनने ओढून घ्यायचा, कारण हवेत सोडलेला हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता धरतो. मग उतरविणे-चढविणे थोरल्याने करायचे. धुणे, नवा ड्रायर, तेलाचे माप, हवा काढणे आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस तोलून भरणे हे त्यांनी करायचे. नव्या कॉम्प्रेसरसह खर्च आला साडेचौदा हजार.

वहीत हिशेब मांडला. आधीचे साडेपाच हजार पाण्यात गेले. दोन्ही मिळून झाले वीस हजार, शिवाय आठ दिवसांचे भाडे बुडाले. सुरुवातीलाच या कारागिराकडे गेलो असतो तर गॅरेजच्या आकड्यातले साडेसात हजार वाचले असते.

आपल्या वस्तीत गाडीवर जगणारी घरे पुष्कळ आहेत, म्हणून सांगतो. कंडेन्सरवरची धूळ हलक्या पाण्याने काढणे, बेल्ट तपासणे, आतला फिल्टर बदलणे आणि हिवाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालविणे हे घरी जरूर करा. गॅसचा पाइप मात्र घरी उघडू नका. आणि कॉम्प्रेसर बदलणाऱ्याला आधी विचारा, "जुना का मेला? कंडेन्सर धुणार का? ड्रायर नवा टाकणार का?" उत्तर टाळणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका.

थोरला आता रोज सकाळी त्याच कारागिराकडे जातो. हवा काढण्याचा पंप लावायला शिकला आहे. त्या रात्रीचे आमचे शब्द मात्र परत घेता येत नाहीत. पैसे बुडाले त्याहून ते जास्त सलते.