शेकरूची वाट

शाळेत असताना शेकरू म्हणजे एका गुणाचा प्रश्न होता. राज्यवृक्ष आंबा, राज्यफूल ताम्हण, राज्यपक्षी हरियाल, राज्यप्राणी शेकरू. आंबा, ताम्हण दारात होते. शेकरू फक्त पुस्तकात, तेही काळ्या-पांढऱ्या चित्रात.

रंग कळला तो भीमाशंकरला. आजीबरोबर दर्शनाला गेले होते. पाठ तांबूस-तपकिरी, पोट पिवळसर, शेपूट अंगाहून लांब आणि झुबकेदार. आजी पायरीवरच थांबली. "अगं बाई, ही खार म्हणायची की मांजर?"

कॉलेजात असताना पुन्हा त्या रानात गेले, तेव्हा वाट दाखवायला गावातला महादेव कोळी मुलगा होता. आम्ही प्राणी शोधत होतो, तो घरटी दाखवत होता. उंच झाडांच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांवर, काटक्यापानांचे गोल गुंडे. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. जड अंगाची शिकारी जनावरं तिथवर पोचू नयेत, म्हणून फांदीही बारीक निवडायची. फळं, फुलं, बिया, साल, सगळं वरच मिळतं. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. "त्याची वाट वरून जाते," मुलगा म्हणाला.

तेव्हापासून रानात गेले की मी झाडांपेक्षा झाडांमधली फट बघते. शेकरू वीसेक फुटांची झेप घेतं. त्याहून रुंद रस्ता झाला, तर दोन्हीकडे हिरवंगार रान असूनही त्याची वाट तुटते. झाडांच्या मोजणीत ही फट दिसत नाही. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. पण देवाच्या नावाने कुऱ्हाड लांब ठेवणाऱ्या देवराया त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. तिथे फांदीला फांदी लागलेली राहिली, आणि शेकरूला तेवढंच हवं असतं.

आता आमच्या सोसायटीत पावसाळ्याआधी छाटणीचा विषय निघतो. गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर जिथे भिडल्यात, तिथे हात लावू नका, असं मी दरवर्षी सांगते. "अहो, इथे कुठलं शेकरू यायला?" सेक्रेटरी हसतात. शेकरू येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण खारी आहेत, आणि त्यांनाही गाड्यांखालून जाण्यापेक्षा वरून जाणं बरं.